अकरा वाजताची हवा

१

मावशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी एक कापडी पिशवी आणि गुंडाळलेली चादर. वर बाईंच्या दाराला नवंकोरं कुलूप होतं.

"काढलं मला," त्या म्हणाल्या. "बाईंच्या पुतण्यानं. तुमच्याच ऑफिसचा कागद होता त्याच्या हातात."

कागद मी ओळखला. त्यातली माहिती मीच गोळा केली होती. फक्त शेवटची ओळ माझी नव्हती: 'रोगाचा संभाव्य उगम – घरातील मदतनीस.' खाली साहेबांची सही.

शहराच्या क्षयरोग विभागात माझं काम एवढंच. कुणाला क्षय झाला की तो कुणाकडून आला आणि पुढे कुणाकडे गेला, हे शोधायचं. लोक मला चौकशीबाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात ते मी विचारत नाही.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. लग्न केलेलं नाही, नातेवाईक म्हणून तो एक पुतण्या, तोही दुसऱ्या शहरात. दोन महिन्यांपासून त्या इस्पितळात होत्या. रोग स्वरयंत्रापर्यंत गेला होता आणि डॉक्टरांनी त्यांना बोलायची सक्त मनाई केली होती. 'गेल्या वर्षभरात कुणाकुणाला भेटलात?' या माझ्या प्रश्नावर त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला होता. मावशी.

मावशी सहा वर्षं त्यांच्याकडे राहत होत्या. स्वयंपाक, औषधं, गुडघ्यांना तेल. त्यांच्या छातीच्या एक्स-रेत एक जुना डाग निघाला, विशीत होऊन बरा झालेला. थुंकीत काही नव्हतं. पण डाग तो डाग. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मला वाटत होतं. पण चोर कुठे होता?

"वॉर्डातही सोडत नाहीत मला," मावशी म्हणाल्या. "पुतण्यानं सांगून ठेवलंय. बाईंना गोळ्या चुरून लागतात हो. अख्ख्या दिल्या तर घशात अडकतात. कोण चुरत असेल?"

मी विचारलं, "बाई घराबाहेर कुठे जायच्या का?"

"मंगळवारी साडेदहाला निघायच्या, साडेबाराला परत. कुठे ते मी विचारलं नाही. आपण कोण विचारणारे?"

"आणि घरी काय करायच्या?"

"वाचायच्या. ओठ हलवत, पण आवाज नाही. हातात पेन्सिल. पुस्तकात उभ्या रेघा मारत बसायच्या."

२

आमच्या ऑफिसात दोन टेबलं आहेत. एक साहेबांचं, एक माझं, समोरासमोर. बाजूच्या भिंतीतली खिडकी गेली कित्येक वर्षं बंद होत नाही. चौकटच वाकलीय. त्यामुळे वर्षाचे बारा महिने खोलीत वारा आणि प्रत्येक कागदावर वजन म्हणून काहीतरी. माझ्याकडे दगड आहेत, साहेबांकडे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या.

"मावशींना बाहेर काढलंय," मी म्हटलं.

"वाईट झालं." साहेब खोकले. त्यांचा खोकला मला पाठ होता: दोन आखूड, एक लांब, आणि मग घसा साफ करून 'हं'. सिगरेटचा खोकला आहे, असं ते म्हणत. मी त्यांना कधी सिगरेट ओढताना पाहिलं नव्हतं, पण साहेबाच्या खोकल्याची चौकशी कोण करणार? "पण दुसरं नाव आहे का तुमच्याकडे?"

नाव नव्हतं, पण मनात शंकेची पाल चुकचुकत होती. एकट्या बाईच आजारी नव्हत्या. प्रयोगशाळेनं कळवलं होतं की आणखी दोघांच्या थुंकीत अगदी त्याच घराण्याचे जंतू आहेत. एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपी. तिघांना एकाच कुणाकडून रोग लागला होता, आणि तिघं एकमेकांना ओळखतही नव्हते.

"मावशी भाजीला जातात," साहेब म्हणाले. "बाजारात भेटले असतील."

"साहेब, क्षय भाजीच्या गाडीवर लागत नाही. उघड्या हवेत दोन मिनिटांत काय होतंय? बंद जागेत तासन् तास लागतात. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मग ती बंद जागा शोधा. शनिवारी फाइल वर पाठवायची आहे. तोपर्यंत काही सापडलं नाही, तर लिहिलंय तेच कायम." ते उठले. "उद्या सकाळी मी फिल्डवर आहे. बाराला येईन."

आठवड्यातून तीन दिवस साहेब फिल्डवर जात. त्यांच्या बुटांना धूळ लागलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

ते गेल्यावर मी तो फॉर्म पुन्हा वाचला. 'गेल्या वर्षात ज्यांच्याशी आपण बोललात, ज्यांना भेटलात, अशा सर्वांची नावे.' एकदा गंमत म्हणून तो मी स्वतःसाठी भरला होता. दोन नावं आली होती, दूधवाला आणि साहेब. दूधवाला दाराला पिशवी अडकवून जातो, भेटत नाही, म्हणून त्याला खोडलं. त्यानंतर असली गंमत मी केली नाही.

तीन आजारी माणसं, आणि सांधणारा चौथा माणूस कुठेच नाही. मी छत्री उचलली आणि पोस्टमनकडे निघाले.

३

पोस्टमन तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहत होता. औषधं सुरू होऊन तीन महिने झाले होते, अंगावर थोडं मांस धरत होतं.

"पस्तीस वर्षं लोकांची दारं वाजवली," तो म्हणाला. "आता माझं कुणी वाजवत नाही. तुम्ही पहिल्या."

"कुणाकडे जाणं-येणं? पत्ते खेळायला, गप्पा मारायला?"

"कुणाकडेच नाही. लिहा ना सरळ, शून्य."

मी लिहिलं. टेबलावर एक जाड कादंबरी उघडी पडली होती. पानांवर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, वाक्यावाक्यात, कुठे एक, कुठे दोन. प्रत्येक पानाचा खालचा कोपरा जरासा वर वळवलेला.

"हे काय?"

"सवय," तो म्हणाला आणि पुस्तक मिटलं.

शिंप्याचं उलटं होतं. त्याच्या फॉर्मवर दोनशे नावं होती. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यानं लिहून दिलं होतं, मापांसकट. मी त्या दोनशे जणांच्या मागे पाच आठवडे फिरले होते. एकही आजारी नव्हता.

"दोनशे माणसांच्या छातीला टेप लावली मी," तो म्हणाला. दुकानामागच्या खोलीत तो पाय वर घेऊन बसला होता. "दंड, कंबर, खांदे. पण ताई, खरं सांगू? माप घेताना माणूस माझ्याकडे बघत नाही. आरशाकडे बघतो."

कापडाच्या तुकड्यांखालून एक पुस्तक डोकावत होतं. मी ते ओढलं. उभ्या रेघा. वळवलेले कोपरे.

मी आणखी पानं चाळली. मावशींनी सांगितलेल्या बाईंच्या रेघा, पोस्टमनच्या रेघा आणि याच्या रेघा, तिन्ही एकाच जातीच्या होत्या. मनातल्या मनात वाचणारा माणूस कुठे थांबायचं याची खूण करत नाही. ती खूण श्वासासाठी असते.

"तुम्ही हे मोठ्यानं वाचता," मी म्हटलं. "आणि पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून कोपरा वळवता. कुणाला वाचून दाखवता?"

शिंपी लाजला. "कुणालाच नाही. भिंतीला."

"कुठल्या भिंतीला?"

"अहो, तुम्ही विचारलंत कुणाला भेटता, कुणाशी बोलता. तिथे कुणी नसतंच. मी एकटा जातो, एकटा वाचतो, एकटा येतो. म्हणून सांगितलं नाही."

४

शिंप्यानं दिलेला पत्ता अंध लोकांसाठी काम करणाऱ्या एका जुन्या संस्थेचा होता. तिथे जिन्याखाली एक खोली, खोली कसली, मोठं कपाटच. आतून सगळीकडे करड्या स्पंजाची जाड गादी, दाराला कडेनं रबर, एक खुर्ची, एक दिवा, एक माईक. वाचक यायचा, खिळ्यावरची किल्ली काढायचा, आत बसून दार लावायचा, बटण दाबून तासभर पुस्तक वाचायचा आणि निघून जायचा. पुढचा यायचा तेव्हा आधीचा गेलेला असायचा. कुणी कुणाला पाहत नव्हतं. नोंदवहीतही नावं नव्हती, नुसते नंबर, आणि ज्यांनी दिला त्यांचा फोन. काही वाचकांनीच तशी मागणी केली होती म्हणे.

मी आत गेले आणि दार ओढून घेतलं. माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू येऊ लागला. भिंतीत हवा खेचणारा छोटा पंखा होता, पण त्याच्या बटणावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी जुनी, कडा मळलेल्या.

बाहेर येऊन मी नोंदवही घेऊन बसले. बाई तेरा नंबर: मंगळवारी अकरा ते बारा. पोस्टमन चार नंबर: गुरुवारी अकरा ते बारा. शिंपी अठरा नंबर: शनिवारी अकरा ते बारा. तीन वेगळे वार, वेळ एकच.

मग मी त्यांच्या आधीची ओळ पाहिली. मंगळवारी दहा ते अकरा, सात नंबर. गुरुवारी दहा ते अकरा, सात नंबर. शनिवारी, सात नंबर. त्याच्यापुढे फोन लिहिलेला नव्हता.

सोमवार, बुधवार, शुक्रवारचे वाचक ठणठणीत होते, मी तिथल्या तिथे एकेकाला फोन लावून विचारलं. मंगळवारी नऊला येणारी एक बाई होती, तीही ठणठणीत, कारण ती सात नंबरच्या आधी यायची. रोग एकाच दिशेनं गेला होता, दहाकडून अकराकडे. सात नंबर एक तास मोठ्यानं वाचत होता, खोकत होता, आणि उठून जाताना आपली हवा खुर्चीवर ठेवून जात होता. पुढचा माणूस दार लावायचा आणि तासभर तीच हवा छाती भरभरून घ्यायचा. दोघांची गाठ एकदाही पडली नव्हती.

"सात नंबर कोण?" मी संस्थेच्या कारकून बाईंना विचारलं.

"ते सगळं वरचे संपादक बघतात. पण त्यांना तरी नाव कुठलं माहीत असायला? ते नुसते आवाज ओळखतात."

५

संपादक जन्मापासून आंधळे होते. वरच्या खोलीत हेडफोन लावून बसलेले, बोटं कीबोर्डवर. वाचकांच्या चुका, अडखळणं, खुर्चीची करकर, सगळं कापून स्वच्छ पुस्तक करायचं, हे त्यांचं काम.

"पंख्यावर पट्टी कुणी लावली?"

"मी लावायला सांगितली. दोन वर्षं झाली. घरघर यायची रेकॉर्डिंगमध्ये." त्यांनी मान वर केली. "का?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात. त्यांचा चेहरा उतरत गेला, पण त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"वीस माणसांचे श्वास मला पाठ आहेत," ते शेवटी म्हणाले. "तेरा नंबर वाचायला सुरुवात करण्याआधी एकदा हसायच्या, अगदी हलकं. ते मी कापायचो. दोन महिने त्यांचा आवाज नाही. मला वाटलं, कंटाळल्या."

"आणि सात?"

त्यांनी हेडफोन कानांवरून खाली काढले.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"खोकला बदलत गेला. आधी कोरडा होता, मग ओला झाला. मग वाक्याच्या मध्येच दम लागायला लागला. चौदा महिने मी तो खोकला कापतोय. कळत होतं मला, हे बरं नाही. पण सांगितलं आणि त्यांनी यायचंच बंद केलं तर? चौकशीबाई, मी त्या माणसाशी एक शब्द बोललेलो नाही, पण आठवड्यातून तीन तास तो माझ्या कानात असतो. एवढा वेळ माझ्याशी कुणीच बोलत नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

"न कापलेली फाइल आहे?"

"सगळ्या आहेत. कालचीच लावतो." त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पाणी प्यायल्याचा. मग खोकला. दोन आखूड. एक लांब.

मग घसा साफ करून, 'हं'.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाच आठवडे मी ज्याला शोधत शहरभर फिरत होते, त्याच्यासमोर मी रोज बसत होते.

६

शुक्रवारी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर कोरा फॉर्म ठेवला आणि त्यावर माझा एक दगड.

"हा कुणाचा?"

"सात नंबरचा."

त्यांनी वर पाहिलं नाही. खिडकीतून वारा येत होता आणि फॉर्मची कड फडफडत होती.

"बायको गेल्यापासून," ते म्हणाले, "शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. सोमवारी पहिला शब्द फाटका यायचा. तुमच्यासमोर लाज वाटायची. म्हणून वाचायला जायला लागलो. आवाज चालू राहावा म्हणून."

"एक्स-रे का नाही काढलात? दुसऱ्याला दटावून पाठवता तुम्ही!"

"सिगरेटचा खोकला म्हणून."

"खरं बोला, साहेब."

"सिगरेट सोडून नऊ वर्षं झाली," ते म्हणाले. "भीती वाटली. माझ्याच रजिस्टरला माझं नाव! रोज ठरवायचो, उद्या काढू. पण खोलीत कुणी नसतं ना, मग कुणाला लागणार? तुम्ही एवढ्या समोर बसता, तुम्हाला झालं नाही. मी मनाशी म्हणायचो, बघ, नाहीये काही."

"मला झालं नाही ते या मोडक्या खिडकीमुळे."

"दर वर्षी दुरुस्तीचा अर्ज करतो मी," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही नको तेव्हा हसलो. हसता हसता ते खोकायला लागले आणि मी पहिल्यांदाच खुर्ची मागे घेतली. त्यांनी ते पाहिलं.

मला संताप आला होता. एका बाईचा आवाज गेला होता, दुसरीचं घर, आणि हा माणूस स्वतःच्या सहीनं निर्दोष बाईवर बालंट आणून मोकळा झाला होता. "मावशींचं नाव लिहिताना हात कापला नाही तुमचा?"

"मला खरंच वाटलं त्या असतील," ते म्हणाले. "वाटून घेतलं म्हणा."

मग त्यांनी पेन काढलं. नवं पत्र स्वतःच्या अक्षरात लिहिलं: आधीचा निष्कर्ष चुकीचा, मदतनीस बाईंचा काही संबंध नाही, त्यांना रुग्णाला भेटू द्यावे. उगमाच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. ते संपल्यावर माझा फॉर्म ओढला आणि भेटलेल्या माणसांच्या यादीत एक नाव लिहिलं. माझं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," ते म्हणाले आणि एक्स-रे काढायला गेले.

७

शनिवारी फाइलबरोबर ते पत्र वर गेलं. पुतण्याला मी फोन केला. "ठीक आहे, तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून त्यानं ठेवला. वाचकखोलीच्या पंख्यावरची पट्टी निघाली, बाकीच्या वाचकांची तपासणी सुरू झाली, आणि घरघर चालवून घेऊ, असं संपादकांनी कळवलं.

मावशी भावाच्या घरी होत्या. तिथे त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, दोनदा. बालंट टळल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसला नाही. इस्पितळाच्या वाटेवर त्यांनी फक्त विचारलं, "मंगळवारी बाई तिथे काय करायच्या म्हणालात?"

"पुस्तक वाचायच्या. मोठ्यानं. न दिसणाऱ्या लोकांना ऐकता यावं म्हणून."

"म्हणजे कुणीतरी ऐकायचं."

"हो."

मावशी पिशवी सावरून पुढे चालू लागल्या.

वॉर्डाच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. बाई टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. मावशींना पाहून त्यांनी पाटी शोधायला हात फिरवला. मावशींनी ती आधीच उचलून बाजूला ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यांनी आधी पाहिलं ते गोळ्यांकडे. वाटीत चार गोळ्या तशाच, अख्ख्या. दोन चमच्यांत धरून मावशींनी त्या चुरल्या, पाण्यात कालवल्या आणि बाईंना पाजल्या. रुमालानं तोंड पुसलं. मग स्टूल ओढून बसल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकणारं कुणी शोधायला गावभर गेलात. सहा वर्षं घरात मी होते. मला एकदा वाचून दाखवायचं होतं ना हो."

बाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही, आणि यायला नकोच होता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी मावशींचा हात धरला आणि मान हलवली, हो म्हणून की चुकलं म्हणून, मला कळलं नाही. मावशींना कळलं असावं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय ना? मग आता मी बोलते. तुम्ही ऐका."

आणि त्या सांगू लागल्या. भावाच्या घरचा गळका नळ, जिन्यातली मांजर, पुतण्यानं लावलेलं कुलूप किती हलक्या प्रतीचं होतं. सहा वर्षांचं साठलेलं होतं, ते लवकर संपणार नव्हतं. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली, तेव्हा मी तिला दारातच थांबवलं.